जिप्सीचे हेडलाइट मंद आणि डावा बल्ब दर पावसाळ्यात उडतो: बल्ब घेण्याआधी व्होल्ट मोजा

गाडी मारुती जिप्सी किंग, १३०० सीसी, एमपीएफआय. माझ्याकडे आली ती सेकंड हँड. तक्रारी दोन. एक, दोन्ही हेडलाइट पिवळट, मंद. डिपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या उजेडावर, समोरचा खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेलं असायचं. दुसरी, डावीकडचा बल्ब दर पावसाळ्यात दोन-तीनदा जायचा, उजवीकडचा मात्र वर्षानुवर्षं टिकायचा. हे चार पावसाळे चाललं.

चौथ्या वर्षी जुलैत गगनबावड्याहून भुईबावडा घाट उतरत होतो. धुकं, पाऊस, आणि दुसऱ्याच वळणावर डावा दिवा गेला. बायकोनं छत्री धरली, मुलीनं मोबाइलचा टॉर्च, आणि मी रिंगचे स्क्रू काढत बसलो. बल्ब काढून टॉर्चसमोर धरला तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. तोवर मेलेला बल्ब मी सरळ फेकून देत होतो. तिथंच चुकत होतं.

त्या बल्बच्या काचेला आतून पांढरट-पिवळसर पूड बसली होती, पीठ भुरभुरल्यासारखी. हॅलोजन बल्ब म्हातारा होऊन गेला की काच आतून काळपट-रुपेरी होते. हादऱ्यानं गेला तर काच स्वच्छ असते, नुसती तार तुटलेली दिसते. काचेला फुगवटा आला असेल तर बसवताना कुणाचं तरी तेलकट बोट लागलेलं असतं. आणि पांढरी-पिवळी पूड म्हणजे काचेला तडा गेला, आत हवा शिरली आणि तापलेली टंगस्टनची तार तिथंच जळाली. म्हणजे माझा बल्ब जळून जात नव्हता, फुटत होता. तापलेल्या काचेवर गार पाणी पडत होतं.

दुसरी चूक जास्त खर्चिक ठरली. मंद उजेड आणि बल्ब उडणं हा एकच आजार समजून मी दोन्हीवर एकच औषध देत होतो: नवा, आणखी भारी बल्ब. खरं तर हे उलट स्वभावाचे आजार आहेत. हॅलोजन बल्बला व्होल्टेज कमी मिळालं तर तो मंद जळतो, पण जास्त दिवस टिकतो. व्होल्टेज पाच टक्के जास्त झालं तर आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. त्यामुळे एखादा बल्ब मंदही जळतोय आणि लवकर मरतोयही, असं दिसलं की कारणं दोन आहेत हे धरून चालायचं.

आधी माझे प्रयोग सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिला प्रयोग १००/९० वॅटचे बल्ब. कंपनीचा एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, अप्परला ६०, डिपरला ५५. दोन डिपर मिळून ११० वॅट, म्हणजे साधारण ९ अँपियर. ९० वॅटचे दोन लावले की हाच आकडा १५ वर जातो, आणि तो सगळा करंट त्याच बारीक वायरींतून आणि स्टिअरिंगखालच्या त्याच स्विचमधून वाहतो. पहिला आठवडा मजा येते. मग कपलरचं, म्हणजे बल्बच्या पिनांवर बसणाऱ्या वायरींच्या जोडाचं, प्लास्टिक तपकिरी होतं, पिना सैल पडतात, आणि उजेड पूर्वीपेक्षाही कमी होतो. रस्त्यावर हे बल्ब नियमात बसत नाहीत, ते वेगळंच. माझ्या गाडीत हा उद्योग आधीच्या मालकानंही करून ठेवला होता, हे पुढं कळलं.

दुसरा प्रयोग एलईडी बल्ब. पांढराशुभ्र उजेड, गाडीवाल्या मित्रांत कौतुक. पण गोल हेडलाइटचा रिफ्लेक्टर बनवलेला असतो तो एका विशिष्ट जागी असलेल्या एका बारीक तारेसाठी. एच४ मध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. तीच उजेड वर जाऊ देत नाही. एलईडीचे चौकोनी ठिपके त्या जागी तंतोतंत बसत नाहीत. परिणाम असा की बोनेटसमोरचा दहा मीटर रस्ता दिवसासारखा दिसतो, त्यापुढं अंधार, आणि समोरचा एसटीवाला अप्पर मारून मारून शिव्या घालतो. शिवाय माझ्या गाडीत डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा डिपरवरही मिणमिणत राहायचा. तो खरं तर मला काहीतरी सांगत होता, ते खाली येईलच.

तिसरा प्रयोग नवे ‘क्रिस्टल’ हेडलाइट, ऑनलाइन मागवलेले. गोल सात इंची साइज असल्यानं बसले बरोबर. पण डिपरचा उजेड उजवीकडे वर चढायचा. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणजे तो चढ डावीकडे हवा, रस्त्याची कड आणि चालणारी माणसं दिसायला. ते लॅम्प उजवीकडून गाड्या चालवणाऱ्या देशांसाठी बनलेले होते. हे काचेवरच कळतं. युरोपीय मानकाच्या लॅम्पवर आपल्यासारख्या वाहतुकीसाठी एक आडवा बाण असतो. लॅम्पसमोर उभं राहून पाहिलं की तो आपल्या उजव्या हाताला टोक करतो. दोन्हीकडे टोक असलेला बाण म्हणजे दोन्ही प्रकारांना चालणारा. बाणच नाही म्हणजे तो आपला नाही. घेण्याआधी तेवढं बघा.

एवढं झाल्यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वायरमन मामांकडे गेलो. तोवर ज्या दोन-तीन ठिकाणी गेलो तिथं काउंटरवरूनच नवा बल्ब हातात ठेवला होता. मामांनी बोनेट उघडायच्या आधी विचारलं, “मालक, बल्बपर्यंत करंट किती पोचतोय ते कुणी बघितलंय का?” कुणी बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही, घरी मल्टिमीटर असून.

हे मोजणं पंधरा मिनिटांचं काम आहे, पण एक गोष्ट सांभाळायची. कपलर बल्बवर बसलेला आणि दिवा जळत असतानाच मोजायचं. कपलर काढून मोजलंत तर करंट वाहतच नाही आणि सडक्या वायरीतूनसुद्धा पूर्ण व्होल्टेज दिसतं. नळ बंद असताना गंजलेल्या पाइपातही प्रेशर असतंच की. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवायचं, इंजिन चालू, थोडी रेस, डिपर लावलेला. कपलरच्या मागच्या बाजूनं टाचणी आत सरकवली की पिनेपर्यंत पोचता येतं. टाचण्या एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत, नाहीतर फ्यूज जातो. माझा एक गेला.

आकडे असे आले. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर ठीक. इथं जर १४.८ च्या वर दिसलं असतं तर बल्ब उडायचं खापर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरवर फोडता आलं असतं. माझा पहिला संशय तोच होता आणि तो खोटा ठरला. उजव्या बल्बच्या दोन पिनांमध्ये ११.९. डाव्या बल्बवर ११.४.

वरवर पाहता पावणेतीन व्होल्ट म्हणजे फार नाही वाटत. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगानं उतरतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीस टक्के जातो. एच४ च्या डिपरचा ठरलेला उजेड १३.२ व्होल्टवर सुमारे १००० ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप), ११.४ वर त्यातले ६०० च्या आसपास उरतात. चार वर्षं मी सहा आणे उजेडाचं नुकसान सोसत होतो आणि पैसे मात्र बल्बला देत होतो.

आता गळती कुठं आहे ते शोधायचं. मीटरची लाल टाचणी बॅटरीच्या प्लसवर, काळी बल्बच्या प्लसच्या पिनेवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट प्लसच्या वाटेत खर्च होतात. उजवीकडे ०.३, डावीकडे ०.८. मग मायनसची बाजू: काळी टाचणी बॅटरीच्या मायनसवर, लाल बल्बच्या परतीच्या पिनेवर. तिथं १.९! दोन्ही बल्बांना सारखंच. मी लगेच बॉडीचा अर्थ, म्हणजे मायनसचा बॉडीवरचा जोड, घासायला पॉलिश पेपर काढला. मामा म्हणाले, “थांबा. ह्या गाडीचा मायनस बॉडीला जातच नाही.”

ही जिप्सीची खुबी. बहुतेक गाड्यांत स्विच प्लस सोडतो आणि बल्बचा मायनस कायम बॉडीला जोडलेला असतो. माझ्या गाडीत उलटं आहे. बल्बच्या सामाईक पिनेवर (अप्पर-डिपर दोन्ही तारांना मिळून असते ती) प्लस आधीच येऊन बसलेला, आणि स्टिअरिंगखालचा स्विच अप्पर किंवा डिपरची वायर अर्थला टेकवतो. सुझुकीच्या या जुन्या घराण्यात ही पद्धत आहे. त्यामुळे दोन्ही बल्बांचा परतीचा सगळा करंट डॅशबोर्डखाली जाऊन, त्या स्विचच्या चिमुकल्या पत्र्यांतून फिरून मग अर्थला पोचतो. एलईडी लावल्यावर निळा दिवा मिणमिणायचा तोही याच उलट्या जोडणीमुळे.

तुमच्या गाडीत काय आहे ते असं बघा. दोन्ही बल्बांचे कपलर काढा, मीटरची काळी टाचणी बॅटरीच्या मायनसवर ठेवा, लाईट स्विच लावून लाल टाचणी एकेका पिनेला लावा. डिपरवर एका पिनेला १२ व्होल्ट आणि अप्पर केल्यावर तो दुसऱ्या पिनेवर सरकला तर नेहमीची जोडणी. अप्पर-डिपर काहीही केलं तरी एका ठरावीक पिनेवर १२ व्होल्ट ठाण मांडून बसले असतील तर उलटी. हे बघितल्याशिवाय बाजारातलं तयार रिले-किट आणू नका (रिले म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). मी आणलं होतं. ते नेहमीच्या जोडणीसाठी होतं. लावलं आणि रिले टक्कसुद्धा वाजला नाही.

स्विच खोलला तेव्हा डिपरचा कॉन्टॅक्ट जळून काळा-निळा झाला होता, मध्ये खळगा. आधीच्या मालकाच्या १००/९० ची आणि नंतर माझ्याही प्रयोगाची ही कमाई. १.९ व्होल्ट गुणिले साधारण साडेआठ अँपियर म्हणजे सोळा वॅट उष्णता. घरातली साधी सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची असते. तिच्या निम्म्याहून जास्त ताव स्टिअरिंगखाली प्लास्टिकच्या डबीत आणि वायरीत रोज रात्री मुरत होता. कॉन्टॅक्ट घासून स्विच तात्पुरता सुधारतो, पण वरचा मुलामा गेलेला असतो, सहा महिन्यांत पुन्हा तेच. बरा उपाय हा की स्विचवरचं ओझंच काढून टाकायचं.

म्हणून दोन रिले. एक डिपरला, एक अप्परला, साधे चार पिनांचे, ३० अँपियरचे. रिलेच्या पिनांवर आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीचा प्लस, वाटेत फ्यूज. ८७ वरून वायर बल्बला. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं: नेहमीच्या गाडीत एक अर्थला आणि एक स्विचच्या वायरीला, माझ्या उलट्या गाडीत एक जुन्या कपलरच्या कायमच्या प्लसला आणि दुसरं अप्पर किंवा डिपरच्या वायरीला. बल्बचा मायनस आता स्वतंत्र वायरीनं थेट बॅटरीच्या मायनसवर. स्विचमधून आता फक्त कॉइलचा करंट जातो, पाव अँपियरसुद्धा नाही. जळका कॉन्टॅक्टही तेवढं आरामात पेलतो.

यात तीन बाबतींत मामांनी माझं काही ऐकलं नाही आणि ते बरोबर होते. वायर २.५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची ऑटो वायर. घरच्या फिटिंगची उरलेली ताठ वायर हादऱ्यानं मोडते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, रिलेजवळ नाही, कारण मधली वायर कुठं घासून बॉडीला लागली तर तिला वाचवायला कुणी नसतं. आणि रिले बसवायचा तो पिना खाली करून. पिना वर असल्या की डबीत पाणी साचतं आणि पुढच्या पावसाळ्यात तुम्ही पुन्हा मामांकडे. जोड सगळे थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारं धातूचं टोपण) दाबून, वर तापवल्यावर आवळणारी श्रिंक स्लीव्ह. वायर पिळून काळी टेप गुंडाळायची आपली जी राष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यामुळेच उद्यमनगरातली निम्मी दुकानं चालतात असं माझं मत आहे.

डावीकडचा होल्डर, म्हणजे कपलरही बदलला. प्लसची पिन जिथं बसते तिथलं प्लास्टिक वितळून पिन डुगडुगत होती. तो जादाचा अर्धा व्होल्ट तिथं जात होता. होल्डर घेताना सिरॅमिकचा घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

सगळं झाल्यावर दोन्ही बल्बांवर १३.६. बल्ब तेच, ६०/५५ चे. त्या रात्री पन्हाळ्याला उगाचच जाऊन आलो.

आता उडणारा बल्ब. व्होल्टेज निर्दोष सुटलं, काचेनं पाण्याकडे बोट दाखवलं, तर पाणी येतंय कुठून? हेडलाइटच्या मागं बल्बभोवती काळं रबरी बूट असतं. उजवीकडे होतं. डावीकडे नव्हतंच, कुठल्यातरी बल्ब-बदलात कुणीतरी काढून ठेवलं आणि विसरलं. कदाचित मीच. शिवाय डाव्या चाकाच्या आतल्या पत्र्यात वायरिंगसाठी भोक आहे, त्यातला रबरी ग्रोमेट गायब होता. पावसात रस्त्याच्या डाव्या कडेलाच पाणी तुंबतं, आणि डावं चाक ते सगळं त्या भोकातून थेट लॅम्पच्या पाठीवर फेकत होतं. रिफ्लेक्टरच्या तळाला गंजाचा तपकिरी ओघळ होता. तो मी चार वर्षं बघत होतो आणि त्याला जुनेपणा म्हणत होतो.

बूट आणि ग्रोमेट, दोन्ही मिळून एका चांगल्या बल्बपेक्षाही स्वस्त. रिफ्लेक्टर खराब झालेला असल्यानं डावा लॅम्प बदलला, या वेळी काचेवरचा बाण बघून. बूट बसवताना ते चोहोबाजूंनी घट्ट बसलंय ना ते बोट फिरवून बघा, आणि बुटाला हवेसाठी बारीक वाट ठेवलेली असेल तर ती सिलिकॉन भरून बुजवू नका. पूर्ण बंद केलेल्या लॅम्पात वाफ आत अडकते आणि काच आतून घामेजते.

उजेड पूर्ण मिळाल्यावर नेम लावणं बंधनकारक आहे, नाहीतर आपल्या दुरुस्तीचा त्रास दुसऱ्यांना. सपाट जागा, समोर भिंत, गाडी भिंतीपासून १० मीटरवर, टायरमध्ये हवा बरोबर, सीटवर कुणीतरी बसलेलं. लॅम्पच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूनं आखायची. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली हवी, आणि डावीकडे तिरकी वर चढलेली. मी हे आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला केलं, खडूच्या रेघा अजून आहेत, सेक्रेटरींना आवडलेल्या नाहीत.

धुक्याबद्दल लोक मला नेहमी सांगतात की पिवळा दिवा धुकं भेदतो. तसं काही होत नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की त्यांना पिवळं काय, पांढरं काय, सारखंच. घाटात फरक पडतो तो दिवा किती खाली बसवलाय आणि त्याचा उजेड वर किती सांडतो यानं. निळसर पांढऱ्या उजेडानं आपलेच डोळे जास्त दिपतात, एवढं मात्र खरं.

हे सगळं करताना त्या गोल सात इंची लॅम्पवर माझा जीव जडला, ते कबूल करतो. १९४० साली अमेरिकेत ही साइज ठरली आणि जीप, अँबेसेडर, जिप्सी, सगळ्यांना पुरली. काच फुटली तर तालुक्याच्या गावातही मिळते, चार स्क्रूत निघते. शेजाऱ्यांच्या नव्या एसयूव्हीत वरती नुसती बारीक भुवई जळते आणि खरा हेडलाइट खाली बंपरमध्ये, गुडघ्याच्या उंचीवर. एका दुचाकीनं पार्किंगमध्ये टेकवलं, काचेला तडा, आत पाणी. बदलायचा तर अख्खा लॅम्प, कारण आतला एलईडी वेगळा मिळतच नाही. त्या एका लॅम्पच्या किमतीत माझ्या गाडीचं सगळं वायरिंग नवं होऊन वर टायर आले असते. एलईडी हेडलाइट वाईट नाहीत, मूळ डिझाइनपासून एलईडीसाठी बनवलेले असले तर उजेड फारच चांगला देतात. माझा राग आहे तो न उघडणाऱ्या डबीवर. नव्या जिम्नीनं लॅम्प गोल ठेवला याचा आनंद झाला. त्याच्या पाठीमागं काय आहे ते अजून उघडून पाहायला मिळालेलं नाही.

तेव्हापासून दोन पावसाळे झाले. डावा बल्ब तोच आहे. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतून मार्करनं आकडे लिहून ठेवलेत: १३.६, १३.६, आणि यंदाच्या सप्टेंबरातले १३.५, १३.४. डावीकडचा जादाचा दशांश कुठं गेला ते बघायचंय. बहुतेक मायनसचं थिंबल हिरवं पडायला लागलंय. बिल देताना मामा वही उघडून बराच वेळ बसले होते. म्हणाले, “मालक, हेडलाइटचं काम म्हणून लिहितोय, पण बल्बची ओळ मोकळीच राहिली की.”